फुंकणी, टर्बो आणि चारशे मीटर



आज मी गाडीबद्दल बोलणार आहे, आणि तीही शर्यतीत पळवायच्या गाडीबद्दल. काहीजणी म्हणतील, हा पोरांचा विषय, आपला काय संबंध? संबंध असा, की गाडीचं कर्ज काढताना सही आपली लागते. हप्ता थकला तर गटात मान खाली आपली जाते. आणि रात्री अकरा वाजले, पोरगा हायवेवरून आला नाही, तर दारात उभं राहायचं कामही आपल्याकडेच असतं.

मी गॅरेजवालीच. आमचं गॅरेज कराडच्या बाजूला आहे. आमचे हे आणि धाकटे दीर पाने चालवतात. मी पार्ट मागवते, बिलं करते आणि गिऱ्हाइकांचं ऐकून घेते. गेल्या काही वर्षांत एक नवं गिऱ्हाईक येऊ लागलंय. बावीस-चोवीस वर्षांचा पोरगा, टर्बोची गाडी, हातात मोबाइल आणि त्यावर एक व्हिडिओ. म्हणतो, "वहिनी, गाडी ट्यून करायची. ड्रॅग मारायची." घरी विचारलंस का, म्हटलं की हसतो. आईला काय कळतंय त्यातलं, म्हणतो.

म्हणून आज आईला कळेल असं सांगते. कळलं की नाहीही नीट म्हणता येतं आणि होही.

आधी ड्रॅग म्हणजे काय ते बघू. सरळ रस्ता, दोन गाड्या शेजारी उभ्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं. वळण नाही, फेरी नाही. अंतर साधारण ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल. तेवढं अंतर कोण कमी वेळात कापतो, एवढीच शर्यत. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीसारखीच ही. तिथं बैल पळतात, इथं इंजिन पळतं. महाराष्ट्रात अशा शर्यती लोणावळ्याच्या पुढे ॲम्बी व्हॅलीच्या विमानाच्या धावपट्टीवर झाल्या आहेत. 'व्हॅली रन' हे त्यांचं नाव. चेन्नईजवळच्या रेसिंग ट्रॅकवर मोटारसायकलींची राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा होते. म्हणजे हा खेळ आहे, त्याला मैदान आहे, नियम आहेत. ते मैदान सोडून रस्त्यावर आला की मात्र तो खेळ राहत नाही.

आता टर्बो. चूल पेटेना की आपण काय करतो? फुंकणी घेतो. लाकडं तीच, चूल तीच, पण वारा जास्त मिळाला की जाळ भडकतो. लोहाराचा भाता तेच करतो. टर्बो म्हणजे इंजिनाची फुंकणी. फरक एवढाच, की फुंकायला माणूस लागत नाही. इंजिनातून जो गरम धूर सायलेन्सरकडे जातो, त्या धुराच्या जोरावर एक छोटं चक्र फिरतं. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं. ते बाहेरची हवा ओढतं आणि दाबून इंजिनात घालतं. वाया जाणाऱ्या धुरालाच कामाला लावलं. अल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्वित्झर्लंडच्या इंजिनिअरने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं.

हे चक्र किती जोरात फिरतं? घरचा मिक्सर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतो. टर्बोचं चक्र लाखाच्या वर जातं. छोट्या गाड्यांत दोन लाखांपर्यंतही जातं. पेट्रोल गाडीत त्याला लागणारा धूर नऊशे अंशांच्या आसपास तापलेला असतो. आणि हे सगळं तरंगतं कशावर, तर ऑइलच्या पातळ थरावर. ऑइल काळं झालं, कमी पडलं, की टर्बो गेलाच म्हणून समजा.

टर्बोचा एक गुण आपल्या भागात चांगला कळतो. सांगलीहून गाडी घेऊन महाबळेश्वरला जा. तिथं उंची समुद्रापासून साडेतेराशे मीटरच्या घरात. हवा विरळ. साध्या इंजिनाला तिथं श्वास कमी पडतो, गाडी दमते. टर्बोची गाडी हवा दाबून घेते, म्हणून तिला घाट तितका जाणवत नाही. पूर्वी विमानांच्या इंजिनांना टर्बो लावायला सुरुवात झाली ती याच कारणाने. अमेरिकेत १९१८ साली विमानाचं टर्बो लावलेलं इंजिन चौदा हजार फूट उंचीच्या पाइक्स पीक डोंगरावर नेऊन तपासलं होतं.

मग ट्यूनिंग म्हणजे काय? आजकालच्या गाडीत एक छोटा कॉम्प्युटर असतो. किती हवा दाबायची, किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे सगळं तो ठरवतो. त्यात कंपनीने एक तक्ता भरलेला असतो. पोरं त्याला मॅप म्हणतात. ट्यूनिंग करणारा लॅपटॉप जोडतो आणि तो तक्ता बदलतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ठिणगी थोडी आधी. एकही पार्ट न बदलता टर्बोच्या गाडीची ताकद साधारण वीस-पंचवीस टक्के वाढते. पोरांना हे जादूसारखं वाटतं.

पण बायांनो, ताकद हवेतून आली तरी फुकट येत नाही. कंपनीने ती आधी दिली नव्हती, ती मुद्दाम राखून ठेवली होती. आपण दिवाळीला डब्यात चार लाडू मागे ठेवतो, अचानक पाहुणा आला तर असावेत म्हणून. कंपनीही तसंच करते. कुणी उन्हाळ्यात सांगलीच्या बेचाळीस अंशांत गाडी चालवेल, कुणी ऑइल बदलायला उशीर करेल, कुणी पाच माणसं आणि दोन पोती घालून खंबाटकी चढेल. या सगळ्यांसाठी इंजिनात, गिअरबॉक्समध्ये, क्लचमध्ये थोडी शिल्लक ठेवलेली असते. ट्यूनिंग म्हणजे ती शिल्लक खर्च करणं. खर्च करायला हरकत नाही. पण शिल्लक किती आहे आणि ती कशावर उडवतोय, हे माहीत पाहिजे. गटाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

एक खरं उदाहरण देते. आपल्या पुण्याजवळ चाकणला फोक्सवॅगनची पोलो गाडी बनायची. तिचं टर्बो पेट्रोलचं जीटी मॉडेल २०१३ साली आलं, आणि ट्यूनिंगवाल्या पोरांचं ते फार लाडकं झालं. त्या इंजिनाची ताकद १०५ हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि पिळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, १७५ न्यूटन मीटर. त्याला जोडलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या जोरासाठी बनवलेला. म्हणजे १७५ आणि २५० यांच्या मधली जी जागा, ती शिल्लक. मॅप बदलून टॉर्क २१०-२२० वर नेला तरी गिअरबॉक्स सोसतो. पण पोराचं मन भरत नाही. तो मोठा टर्बो लावतो, आकडा २५० च्या पुढे नेतो. इंजिन कदाचित टिकतं, पण गिअरबॉक्सचा क्लच जळतो. मग बिल येतं ते गिअरबॉक्सचं. इंजिनाच्या आकड्यावर पैज मारली आणि हरला गिअरबॉक्स, असं होतं.

म्हणून चांगला ट्यूनर कामाला कुठून सुरुवात करतो बघा. तो आधी लॅपटॉप उघडत नाही. तो आधी गाडी तपासतो. इंजिनाच्या चारही सिलिंडरचा दाब सारखा आहे का? ऑइल नवं आहे का? स्पार्क प्लग चांगले आहेत का? हवेचे रबरी पाइप कुठे फाटलेत का? पाणी तापतंय का? आजारी बैलाला शर्यतीत कुणी जुंपत नाही. तशी आजारी गाडी ट्यून करायची नाही.

दुसरं काम गारव्याचं. हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाला हात लावून बघा, हवा भरताना तो गरम होतो. तापलेली हवा इंजिनात गेली तर ताकद कमी होते आणि धोका वाढतो. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये एक जाळीचा डबा असतो, त्यातून हवा गार होऊन जाते. त्याला इंटरकूलर म्हणतात. ड्रॅगवाले आधी तो मोठा आणि चांगला बसवतात. लागोपाठ दोनदा पळवलं की सगळंच तापतं आणि दुसऱ्या खेपेला वेळ वाढतो. म्हणून शर्यतीच्या ठिकाणी जाणती पोरं दोन पळींच्या मध्ये बॉनेट उघडून, पंखा लावून बसलेली दिसतील. घाई करणारा तिथंच हरतो.

तिसरं काम पेट्रोलचं, आणि इथं आपल्या उसाचा संबंध येतो. टर्बोच्या इंजिनात हवा दाबलेली असते, उष्णता फार असते. पेट्रोल हलकं असेल तर ते ठिणगी पडल्यावर शिस्तीत जळत नाही, कुठेतरी आपोआप भडकतं. इंजिनातून खडखड आवाज येतो. आमचे मिस्त्री म्हणतात, इंजिन ठोकतंय. हे ठोकणं काही सेकंद जरी जोरात चाललं तरी पिस्टन फुटू शकतो. हे टाळण्याची पेट्रोलची क्षमता ऑक्टेन या आकड्याने मोजतात. पूर्वी आपल्या पंपावरचं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं असायचं. त्याच्यावर ९५ चं मिळायचं. इंडियन ऑइलने २०२० च्या डिसेंबरात १०० ऑक्टेनचं पेट्रोलही काही मोठ्या शहरांत आणलं, त्यात पुणे-मुंबई होती. जास्त ऑक्टेनवर बनवलेला मॅप ठेवायचा आणि गावच्या पंपावर त्याहून कमी ऑक्टेनचं भरायचं, हे कधीही करायचं नाही.

आता ऊस. रेठऱ्याचा कृष्णा असो की साखराळ्याचा राजारामबापू, आपल्या भागातले कारखाने आता साखरेबरोबर इथेनॉल बनवतात. ते पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच जास्त, आणि ते उडून वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं. स्पिरिट हाताला लावलं की गार वाटतं, तसं. म्हणून परदेशातले ड्रॅगवाले टर्बोच्या गाडीत इथेनॉलचं जास्त मिश्रण आवडीने वापरतात. आपल्या उसाचा रस शर्यतीत पळतोय म्हणा! पण याची दुसरी बाजू आहे. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने कमी असते, म्हणून ते जास्त ओतावं लागतं. त्यासाठी पंप, इंजेक्टर, पाइप, मॅप सगळं त्या हिशेबाचं लागतं. कुणी पोरगा म्हणाला, कारखान्यातून स्पिरिट आणतो आणि टाकीत ओततो, तर त्याला तिथंच थांबवा. त्या स्पिरिटमध्ये पाणी असतं, इंजिनाला ते चालत नाही, आणि असं स्पिरिट बाळगणं हा उत्पादन शुल्काचा गुन्हा होतो तो वेगळाच.

चौथं काम मिश्रणाचं. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण चौदा पूर्णांक सात ग्रॅम हवा लागते. पण टर्बो पूर्ण जोरात असताना ट्यूनर हवा-पेट्रोलचं प्रमाण बारा-एक या घरात ठेवतो. म्हणजे मुद्दाम थोडं पेट्रोल जास्त. ते जास्तीचं पेट्रोल आतला जाळ थोडा गार ठेवतं. कंजूषपणा करून पेट्रोल कमी सोडलं, तर ताकद क्षणभर दिसते आणि पिस्टन वितळतो. डिझेलचं उलटं आहे. डिझेलच्या गाडीत जास्त डिझेल ओतलं की काळा धूर निघतो, आणि पोरांना वाटतं, काय पिकअप आलाय! काळा धूर म्हणजे हवा पुरली नाही, डिझेल अर्धवट जळालं. आपले पैसे सायलेन्सरमधून बाहेर गेले आणि टर्बो तापला. धुराचा लोट बघून टाळ्या वाजवू नका.

या सगळ्यानंतर लॅपटॉप. आणि लॅपटॉपनंतर वही. चांगला ट्यूनर एका वेळी एकच गोष्ट बदलतो, गाडी पळवतो, लिहून ठेवतो. सुटताना पहिल्या अठरा मीटरला किती वेळ लागला, ४०२ मीटरला किती लागला, आणि शेवटी वेग किती होता. हे तीन आकडे बोलतात. शेवटचा वेग वाढला, पण एकूण वेळ कमी झाला नाही, तर इंजिनात काही कमी नाही. गाडीची चाकं सुटताना जागेवरच घसरतायत. तिथं आणखी ताकद घालून उपयोग नाही, टायर बघायला पाहिजेत. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर जोरात सुटताना वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि घसरतात. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर काय लागू पडलं हे कळतच नाही. भाजीत मीठ, तिखट, मसाला सगळं एकदम वाढवलं तर बिघडलं कशानं ते कसं सांगणार?

आता सगळ्यात महत्त्वाचं. ४०२ मीटर संपल्यावर काय? अशी गाडी शेवटाला ताशी दीडशेच्या घरात असते. ती थांबवायची असते. ताशी १०० वरून थांबायला ब्रेकवर जेवढं ओझं येतं, त्याच्या सव्वादोन पट ओझं १५० वर येतं. वेग दीडपट, ओझं सव्वादोन पट. म्हणून शर्यतीच्या पट्टीवर शेवटाच्या पुढे थांबायला लांबलचक मोकळी जागा ठेवलेली असते. बाजूला प्रेक्षक लांब, ॲम्ब्युलन्स उभी, आग विझवायची सोय. चालवणाऱ्याला हेल्मेट.

आता तीच गाडी आपल्या रस्त्यावर आणून बघा. ताशी १५० ने गाडी एका सेकंदात सुमारे ४२ मीटर जाते. रात्री डीपरवर पुढचं पन्नास-साठ मीटर दिसतं. गाळपाचा हंगाम, पुढे उसाची दोन ट्रॉल्यांची गाडी, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक सेकंद जातो. उरलं काय? दहा-पंधरा मीटर. कुठलाही ट्यूनर, कुठलाही टर्बो, कुठलाही देव तिथं मधे पडत नाही. ती ट्रॉली आपल्याच कुणाच्या तरी घरची असते, हेही लक्षात घ्या. म्हणून मी पोरांना एकच सांगते. ताकद वाढव, पण आधी ब्रेक आणि टायर. आणि पळव, पण पट्टीवर.

बैलगाड्याचं आठवा. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने त्या शर्यती बंद केल्या. किती वर्षं गावोगाव लोक हळहळले. मग डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये निकाल कायम झाला. पण मिळाली ती अटींवर. प्रशासनाची परवानगी घ्या, बैलाची तपासणी करा, त्याला मारझोड करू नका. शर्यत टिकली ती नियम मानले म्हणून. गाडीच्या शर्यतीचंही तेच आहे. मोटार शर्यतींसाठी देशात एक महासंघ आहे, एफएमएससीआय त्याचं नाव. स्पर्धेला त्याची मान्यता आहे का, हे विचारायचं.

आणि कायदा काय म्हणतो तेही ऐका, कारण इथं आईबापाचं नाव येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकात जी गाडी नोंदली आहे, तिच्यात परवानगीशिवाय बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मालक कोण? कर्ज मिळावं म्हणून गाडी तुमच्या नावावर घेतली असेल तर मालक तुम्ही. रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि चालवणारा अठराच्या आतला असेल, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द. त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही.

इन्शुरन्सचं तर फार जणींना माहीतच नसतं. आपल्या नेहमीच्या गाडीच्या पॉलिसीत लिहिलेलं असतं, की आयोजित शर्यत किंवा वेगाची चाचणी यासाठी गाडी वापरली तर विमा लागू नाही. म्हणजे अगदी परवानगीच्या पट्टीवर, सगळे नियम पाळून गाडी पळवली आणि इंजिन फुटलं, तरी तो खर्च घरचा. हे कागद आणून वाचून बघा. कुणी वाचून दाखवत नसेल तर गटातल्या शिकलेल्या पोरीला वाचायला सांगा.

आता मी हे सगळं सांगतेय म्हणजे पोरांना दाबायला सांगतेय, असं समजू नका. आपल्या भागातल्या हातांत कसब आहे. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार आठवत असतील. त्यांनी भंगारातून, साठ हजारांच्या आसपास खर्च करून, किक मारून चालू होणारी चारचाकी बनवली. आनंद महिंद्रांनी २०२१ च्या डिसेंबरात तिचं कौतुक केलं. त्याच वेळी हेही सांगितलं, की ही गाडी नियमात बसत नाही, रस्त्यावर ती थांबवली जाईल. म्हणून तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि पुढे दिलीही. कसबाला मान मिळाला आणि नियमालाही मान राहिला. दोन्ही एकत्र होऊ शकतं.

आणि हा फक्त पोरांचा विषय आहे, हेही खरं नाही. अमेरिकेत शर्ली मलडाउनी नावाची बाई ड्रॅग शर्यतीतल्या सगळ्यात वेगवान गटात १९७७, १९८० आणि १९८२ अशी तीनदा विजेती झाली, पुरुषांना हरवून. १९८४ मध्ये तिचा भयंकर अपघात झाला, पाय चिरडले, तरी दोन वर्षांनी ती परत पट्टीवर आली. पुण्याच्या डायना पुंडोले यांनी २०२४ मध्ये पुरुषांबरोबरच्या राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेत अजिंक्यपद मिळवलं. तेव्हा एखाद्या घरची लेक आयटीआयला मोटार मेकॅनिक घेते म्हणाली, तर हसू नका. लॅपटॉप लावून इंजिनाचे आकडे वाचणं हे डोक्याचं काम आहे, मनगटाचं नाही. येत्या काळात गॅरेजला अशाच माणसांची गरज आहे.

मग पोरगा म्हणाला, आई, गाडी ट्यून करायचीय, पैसे दे, किंवा गटातून कर्ज काढ, तर काय करायचं? पाच प्रश्न विचारायचे. शांतपणे, जेवण झाल्यावर.

पहिला: गाडी पळणार कुठे? पट्टीचं नाव सांग, तारीख सांग. "असंच, बायपासला" हे उत्तर आलं तर बोलणं तिथंच संपलं.

दुसरा: ही गाडी घरची रोजची आहे की शर्यतीची? शर्यतीच्या बैलाला कुणी उसाच्या गाडीला जुंपत नाही. जी गाडी आजीला दवाखान्यात नेते, दूध डेअरीला नेते, ती शर्यतीला लावायची नाही. बंद पडली तर घर अडतं.

तिसरा: ब्रेक, टायर आणि ऑइलचा खर्च धरलाय का? की फक्त मॅपचा आणि मोठ्या सायलेन्सरचा? ज्या यादीत आवाजाचा खर्च आहे आणि ब्रेकचा नाही, त्या यादीला पैसे नाहीत.

चौथा: गिअरबॉक्स आणि क्लच किती जोर सोसतात, आणि तू किती जोर टाकतोयस? दोन्ही आकडे कागदावर लिहून दाखव. त्याला सांगता आलं नाही, तर त्याचं शिकून झालेलं नाही. शिकून ये म्हणायचं.

पाचवा: फुटलं तर भरणार कोण? विमा देणार नाही. तुझ्या कमाईतून भरणार असशील तर तो तुझा छंद. गटाच्या पैशातून भरणार असशील तर ते वीस बायांचं नुकसान. गटाचं कर्ज म्हशीला, शिलाई मशीनला, धंद्याला, दवाखान्याला. शर्यतीला नाही. हा नियम गटाच्या बैठकीत एकदा ठरवून वहीत लिहून ठेवा, म्हणजे कुणा एकीवर नाही म्हणायची वेळ येणार नाही.

शेवटी ज्यांच्या घरी शर्यतीचं वेड नाही, पण टर्बोचा ट्रॅक्टर, पिकअप किंवा गाडी आहे, त्यांच्यासाठी चार साध्या गोष्टी. सकाळी चालू केल्या केल्या रेस करू नका. अर्धा मिनिट थांबा, ऑइल टर्बोपर्यंत पोचू द्या. ओझं ओढून आल्यावर किंवा घाट चढून आल्यावर लगेच चावी बंद करू नका. मिनिट-दोन मिनिटं इंजिन हळू चालू ठेवा, चक्र निवू द्या. ऑइल कंपनीने सांगितलंय तेच आणि सांगितलंय तेव्हाच बदला. आणि आपल्याकडच्या धुळीत एअर फिल्टर वारंवार बघा. शिट्टीसारखा नवा आवाज, निळा धूर किंवा ऑइल कमी होणं, यातलं काही दिसलं तर लगेच मिस्त्रीला दाखवा. एवढं सांभाळलं तरी हजारोंचा खर्च वाचतो.

पुढच्या बैठकीत हा विषय काढा. गाडी कुणाच्या नावावर आहे, विम्याच्या कागदात काय लिहिलंय, हे आपापल्या घरी जाऊन बघा आणि एकमेकींना सांगा. पोरांनाही बैठकीला बोलवा, त्यांना त्यांचा टर्बो समजावून सांगू द्या. त्यांना आनंद होईल, आणि आईला कळतं हेही त्यांना कळेल.